विश्लेषण : डॉक्टर परदेशी जातो तेव्हा नुकसान कोणाचे? यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या आयुष्यातून काय दिसते?

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेला डॉक्टर परदेशी स्थायिक झाला की त्याच्या शिक्षणावरचा खर्च कोणाच्या खाती मांडायचा, हा वाद आपल्याकडे दर काही वर्षांनी उफाळून येतो. अमेरिकेत आज काम करणाऱ्या डॉक्टरांपैकी साधारण एक चतुर्थांश डॉक्टर त्या देशाबाहेर शिकलेले आहेत आणि त्यांत भारतात शिकलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. ब्रिटनची सार्वजनिक आरोग्यसेवाही गेली अनेक दशके भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांच्या आधाराने चालत आली आहे. या वादात दोन्ही बाजूंना उपयोगी पडणारे एक नाव आहे, डॉ. यल्लाप्रगडा सुब्बाराव. ते गेले म्हणून जगाला औषधे मिळाली, असे एक बाजू सांगते. असा माणूस देशाने गमावला, असे दुसरी. ते मुळात का गेले आणि जिथे गेले तिथे त्यांना कसे वागवले गेले, याकडे मात्र दोन्ही बाजूंचे लक्ष कमी जाते.

बनारसला केळी विकायला निघालेला मुलगा

सुब्बाराव यांचा जन्म १२ जानेवारी १८९५ रोजी भीमावरम येथे झाला. आज हे गाव आंध्र प्रदेशच्या पश्चिम गोदावरी भागात येते. तेव्हा ते मद्रास इलाख्यात होते. वडील महसूल खात्यात नोकरीला होते. प्रकृती साथ देईना म्हणून त्यांना लवकर निवृत्ती घ्यावी लागली. घरात खाणारी तोंडे बरीच आणि पैसा बेताचा. मुलाचे अभ्यासात लक्ष नव्हते. वयाच्या तेराव्या वर्षाच्या आसपास ते घरातून पळाले. बनारसला जाऊन यात्रेकरूंना केळी विकायची आणि भरपूर पैसा मिळवायचा, असा बेत होता. वाटेतूनच त्यांना परत आणले गेले. आई वेंकम्मा कडक स्वभावाच्या. त्यांनी मुलाला पुन्हा शाळेत बसवले. मॅट्रिक व्हायला त्यांना तीन प्रयत्न लागले. तिसऱ्या खेपेला ते मद्रासच्या हिंदू हायस्कुलातून उत्तीर्ण झाले.

पुढे प्रेसिडेन्सी कॉलेजात असताना त्यांना संन्यास घ्यावासा वाटू लागला. रामकृष्ण मिशनमध्ये जायचे त्यांनी ठरवले होते. आईने परवानगी दिली नाही आणि मिशनमधील मंडळींनीही आधी वैद्यक शिकून घे, असा सल्ला दिला. मिशनच्या दवाखान्यांना डॉक्टरांची गरज होतीच. अशा रीतीने संन्यास हुकलेला हा तरुण मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाला. फीसाठी मित्रांनी मदत केली. नंतर कस्तुरी सूर्यनारायण मूर्ती यांनी आधार दिला. त्यांची कन्या शेषगिरी यांच्याशी १९१९ मध्ये सुब्बाराव यांचा विवाह झाला.

खादीच्या कपड्यांनी काय बिघडवले?

ते दिवस असहकाराच्या चळवळीचे होते. गांधीजींनी विलायती मालावर बहिष्कार टाकण्याचे आवाहन केले आणि सुब्बाराव शस्त्रक्रियेच्या वेळी खादीचा डगला घालून उभे राहू लागले. शल्यचिकित्सेचे प्राध्यापक ब्रॅडफिल्ड यांना ते रुचले नाही. परीक्षेचा निकाल लागला तेव्हा लेखी पेपर चांगले गेलेल्या या विद्यार्थ्याच्या हाती एमबीबीएसची पूर्ण पदवी पडली नाही. त्याहून खालच्या दर्जाचे समजले जाणारे एलएमएस हे प्रमाणपत्र पडले.

आज हा फरक किरकोळ वाटू शकतो. त्या काळी तो नव्हता. वसाहतीच्या वैद्यकीय व्यवस्थेत कोण कुठे उभा राहणार हे पदवीवर ठरत असे. वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या, म्हणजे मुख्यतः ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या. त्याखाली पदवीधर भारतीय. आणि सर्वांत खाली कमी दर्जाची प्रमाणपत्रे घेतलेले. सुब्बाराव यांनी मद्रासच्या वैद्यकीय सेवेत शिरण्याचा प्रयत्न केला, तो फसला. डॉक्टरांची वानवा असलेल्या देशात शिकलेल्या डॉक्टरला सरकारी नोकरी मिळेना, अशी ही स्थिती होती. वानवा किती होती? भोर समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला तेव्हा ब्रिटिश भारतात नोंदणी झालेले डॉक्टर सुमारे ४७,५०० होते. म्हणजे साधारण ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर, आणि तेही बहुतेक शहरांत. सुब्बाराव यांच्या तरुणपणी चित्र याहून बरे असण्याचे कारण नाही.

शेवटी डॉ. लक्ष्मीपती यांच्या मद्रासमधील आयुर्वेद महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्याचे काम त्यांना मिळाले. तिथे ते रमले. आयुर्वेदातील औषधांना आधुनिक चाचण्यांच्या कसोटीवर उतरवायचे, असे त्यांच्या मनात होते. पण त्यासाठी लागणारी प्रयोगशाळा मद्रासमध्ये त्यांना कोण देणार? त्याच सुमारास अमेरिकेतून आलेल्या एका डॉक्टरशी झालेल्या भेटीने बोस्टनचा रस्ता दिसला. आणखी एक कारण घरातले होते. स्प्रू या उष्ण कटिबंधातील आजाराने त्यांचे भाऊ गेले होते. या आजारात आतड्यांना अन्न शोषून घेता येत नाही, जुलाब थांबत नाहीत, रक्त कमी होत जाते आणि रोगी डोळ्यांदेखत वाळत जातो. औषध नव्हते. डॉक्टर भाऊ घरात असून उपयोग झाला नाही.

काकिनाड्याच्या मल्लाडी सत्यलिंगम नायकर धर्मादाय संस्थेने पैशांची मदत केली, उरलेला भार सासऱ्यांनी उचलला. काही वर्षांत शिकून परत यायचे असे ठरवून सुब्बाराव निघाले. पत्नी मागे राहिल्या.

अमेरिकेने त्यांना डॉक्टर मानले का?

२६ ऑक्टोबर १९२३ रोजी ते बोस्टनला उतरले. खिशात फारसे काही नव्हते. हार्वर्डच्या उष्ण कटिबंधीय वैद्यक शाळेत त्यांना प्रवेश मिळाला होता आणि तिथले प्राध्यापक रिचर्ड स्ट्राँग यांनी सुरुवातीच्या दिवसांत हात दिला. परंतु मद्रासच्या एलएमएसवर तिथे रुग्णालयात डॉक्टर म्हणून काम मिळणे शक्य नव्हते. खर्च भागवण्यासाठी पीटर बेंट ब्रिगहॅम रुग्णालयात त्यांनी रात्रपाळीच्या वॉर्डबॉयचे काम धरले. रुग्णांची भांडी उचलायची, साफसफाई करायची आणि सकाळी वर्गात हजर व्हायचे.

परदेशी डॉक्टरने आपले शिक्षण सिद्ध होईपर्यंत पडेल ते काम करावे, हे चित्र आज न्यू जर्सीपासून लंडनपर्यंत ओळखीचे आहे. सुब्बाराव यांच्या बाबतीत त्यात कायद्याचीही भर होती. अमेरिकेने १९१७ च्या कायद्याने आशियाचा मोठा भाग स्थलांतरासाठी बंद केला होता. भारत त्यात होता. विद्यार्थ्यांना तेवढी सूट होती. ते बोस्टनला पोहोचण्याच्या आठ महिने आधी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात भारतीय माणूस कायद्याच्या अर्थाने गोरा ठरत नाही आणि म्हणून त्याला नागरिकत्व मिळू शकत नाही, असा निर्णय दिला होता. पुढची तेवीस वर्षे ही दारे बंद राहिली. १९४६ मध्ये कायदा बदलला तेव्हाही भारतीयांना वर्षाला शंभर जणांचा कोटा मिळाला. सुब्बाराव यांचे अमेरिकेतील जवळजवळ सारे आयुष्य या बंद दाराच्या आत, पण घरातले म्हणून नव्हे, असे गेले.

फॉस्फरसपासून स्नायूंपर्यंत

उष्ण कटिबंधीय वैद्यकाची पदविका घेतल्यावर ते हार्वर्ड मेडिकल स्कूलच्या जीवरसायनशास्त्र विभागात सायरस फिस्के यांच्या हाताखाली काम करू लागले. रक्तात आणि लघवीत फॉस्फरस किती आहे हे मोजण्याची एक सोपी रीत दोघांनी शोधली. द्रावणाला येणाऱ्या निळ्या रंगाची गडद-फिकी छटा पाहून प्रमाण काढायचे, एवढी ती सरळ होती. १९२५ मध्ये प्रसिद्ध झालेली ही फिस्के-सुब्बाराव पद्धत पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत वापरली गेली. जीवरसायनशास्त्रात सर्वाधिक उल्लेख झालेल्या शोधनिबंधांत त्याची गणना होते. कित्येक भारतीय विद्यार्थ्यांनी ही पद्धत शिकताना दुसरे नाव आपल्याकडच्या माणसाचे आहे हे लक्षातही घेतले नसेल.

या मोजमापातून मोठी गोष्ट हाती आली. स्नायूला ताकद कशातून मिळते, याविषयी तोवर ग्लायकोजेन आणि लॅक्टिक आम्लाचे स्पष्टीकरण रूढ होते. त्याच्याशी जोडलेल्या संशोधनाला १९२२ चे नोबेलही मिळाले होते. फिस्के आणि सुब्बाराव यांनी १९२७ मध्ये स्नायूंत फॉस्फोक्रिएटिन असल्याचे दाखवले. दोन वर्षांनी एटीपी हे संयुग त्यांनी वेगळे केले. त्याच वर्षी जर्मनीत कार्ल लोहमान यांनीही ते शोधले. पेशीचे इंधन म्हणून आज दहावीचा विद्यार्थी ज्याचे नाव पाठ करतो, ते हेच एटीपी. १९३० मध्ये सुब्बाराव यांना पीएचडी मिळाली.

यानंतर हार्वर्डमध्ये कायम नेमणूक मिळायला हवी होती. ती मिळाली नाही. दहा वर्षे कनिष्ठ जागेवर गेली. याला सुब्बाराव यांचा संकोची स्वभाव कारण होता, असे म्हटले जाते. श्रेय घेण्यासाठी पुढे होणे त्यांना जमत नसे हे खरे. पण सगळा दोष स्वभावावर टाकणे फार सोयीचे आहे. पुढे नोबेल मिळवणारे जॉर्ज हिचिंग्ज यांनी त्याच विभागात काम केले होते. सुब्बाराव यांनी वेगळी केलेली काही संयुगे फिस्के यांनी प्रकाशात येऊ दिली नाहीत आणि इतरांना ती बऱ्याच वर्षांनी पुन्हा शोधावी लागली, असे त्यांचे मत होते. ज्याला नागरिक होता येत नाही आणि डॉक्टर म्हणून काम करता येत नाही, त्याने वरिष्ठाशी भांडायचे तरी कशाच्या बळावर?

मद्रासला परतावे तर तिथे काय वाट पाहत होते, हाही प्रश्न होताच. तिथली वैद्यकीय व्यवस्था १९३० च्या दशकातही तीच होती.

मुंबईच्या गिरणी कामगार बायका आणि फॉलिक ॲसिड

१९४० मध्ये सुब्बाराव यांनी हार्वर्ड सोडले आणि न्यूयॉर्कजवळच्या पर्ल रिव्हर येथील लेडर्ली लॅबोरेटरीज या औषध कंपनीत गेले. यकृताच्या अर्कातून रक्तक्षयावरचा घटक शोधण्याच्या कामामुळे या कंपनीशी त्यांचा आधीच संबंध आला होता. विद्यापीठाने जे दिले नाही ते इथे मिळाले : प्रयोगशाळा, माणसे, पैसा आणि अधिकार. लवकरच ते संशोधन विभागाचे प्रमुख झाले.

इथल्या पहिल्या मोठ्या कामाचे एक मूळ मुंबईत आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचा त्यांनी हाफकिन संस्थेत अभ्यास केला. या बायकांच्या रक्तातील लाल पेशी आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी होत. विल्स यांनी नाना उपाय करून पाहिले. शेवटी यीस्टपासून बनवलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने गुण आला. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. त्या पदार्थात नेमके काय आहे हे तेव्हा कोणाला सांगता येईना. त्याला विल्स घटक म्हटले गेले. ज्या वर्षांत मद्रासचा डॉक्टर बोस्टनमध्ये काम करत होता, त्याच वर्षांत लंडनची डॉक्टर परळच्या बायकांचे रक्त तपासत होती. तिच्या येण्यात कोणती अडचण आली नाही आणि तिच्या पदवीबद्दल कोणी प्रश्न विचारला नाही, एवढा फरक.

विल्स घटक म्हणजे फॉलिक ॲसिड हे पुढे स्पष्ट झाले. सुब्बाराव यांच्या गटाने ते आधी यकृतातून आणि जिवाणूंच्या साहाय्याने वेगळे केले आणि १९४५ मध्ये प्रयोगशाळेत तयार करून दाखवले. स्प्रूच्या रोग्यांना ते दिल्यावर रक्त भरून येऊ लागले. भाऊ गेल्यानंतर सुमारे पाव शतकाने त्या आजारावरचा एक खरा उपाय सापडला होता. आज आशा कार्यकर्ती गरोदर बाईच्या हाती लोहाची जी लाल गोळी ठेवते, तीत फॉलिक ॲसिड असते.

कर्करोगावरच्या औषधाशी संबंध कसा आला?

बोस्टनमधील बालरुग्णालयात सिडनी फार्बर रक्ताच्या कर्करोगाने आजारी मुलांवर उपाय शोधत होते. या मुलांना निदानानंतर सहसा काही आठवडे किंवा महिनेच मिळत. फॉलिक ॲसिडच्या जातीची संयुगे दिल्यावर रोग उलट जोर धरतो, अशी शंका फार्बर यांना आली. मग विचार उलटा केला गेला. कर्कपेशींना वाढायला फॉलिक ॲसिड लागत असेल तर त्याच्यासारखे दिसणारे, पण काम न करणारे रसायन देऊन त्यांची उपासमार करता येईल. असे रसायन हवे होते आणि ते लेडर्लीत होते. सुब्बाराव यांच्या गटाने फॉलिक ॲसिड बनवता बनवता त्याची अनेक भावंडे बनवली होती. त्यांतले ॲमिनोप्टेरिन फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीपासून वापरले. जून १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात सोळा मुलांपैकी दहांमध्ये रोग काही काळ मागे हटल्याची नोंद होती. मुले पूर्ण बरी झाली नाहीत. पण रक्ताच्या कर्करोगावर औषधाचा असा परिणाम होऊ शकतो, हे प्रथमच दिसले. ॲमिनोप्टेरिनचे सौम्य भावंड मेथोट्रेक्सेट आजही कर्करोगात आणि संधिवातात दिले जाते.

याच काळात लेडर्लीतून ऑरिओमायसिन हे प्रतिजैविक आले. ते टेट्रासायक्लिन गटातील पहिले. निवृत्तीनंतर कंपनीत आलेले, सत्तरी ओलांडलेले वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन डगर यांनी मातीच्या नमुन्यातील बुरशीसदृश जिवाणूतून ते मिळवले. शोधमोहिमेची आखणी सुब्बाराव यांची होती. १९४८ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कच्या परिषदेत ते जाहीर झाले.

हत्तीरोगावरचे डायइथाइलकार्बामाझिन, म्हणजे डीईसी, हे औषधही याच प्रयोगशाळेचे. हत्तीरोग भारतात शतकानुशतके होता. गोदावरीच्या मुखाकडचा प्रदेश, म्हणजे सुब्बाराव यांचा स्वतःचा मुलूख, त्यासाठी बदनाम होता. पण अमेरिकेत त्यावर औषध शोधायला पैसा आणि माणसे मिळाली ती दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर गेलेल्या हजारो अमेरिकी सैनिकांना फायलेरियाची लागण झाल्यावर. औषध १९४७ मध्ये पुढे आले. ते शोधणाऱ्या गटाचा प्रमुख भीमावरमचा होता, हा योगायोग. ते शोधले जाण्याचे कारण मात्र भीमावरम नव्हते.

गेलेला माणूस परत का आला नाही?

९ ऑगस्ट १९४८ च्या सकाळी सुब्बाराव पर्ल रिव्हर येथील आपल्या घरी मृतावस्थेत आढळले. झोपेत हृदयविकाराचा झटका आला होता. वय ५३. भारत स्वतंत्र होऊन वर्ष होत आले होते आणि अमेरिकेत भारतीयांना नागरिकत्व खुले होऊन दोन वर्षे झाली होती. ते अमेरिकी नागरिक झाले नव्हते आणि पंचवीस वर्षांत एकदाही भारतात परतले नव्हते. शेषगिरी आणि त्यांची भेट १९२३ नंतर झाली नाही. डॉक्टरांच्या स्थलांतराचा हिशेब मांडताना शिक्षणाचा खर्च, रुग्णांची संख्या, परकीय चलन हे सगळे येते. मागे राहिलेली ही माणसे कोणत्या रकान्यात लिहायची हे अजून कोणी ठरवलेले नाही.

आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला गेल्या, १८८६ मध्ये फिलाडेल्फियाहून डॉक्टर होऊन परतल्या आणि कोल्हापूरच्या रुग्णालयातील नेमणूक त्यांची वाट पाहत होती. ते काम हाती घेण्याआधीच क्षयाने त्यांना गाठले, पण निदान परतण्यासाठी एक ठरलेली जागा होती. सुब्बाराव यांच्यासाठी अशी जागा ना मद्रासने ठेवली, ना इतर कोणी. परत न येण्याबद्दल त्यांना दोष देणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यायला हवी.

मग ते गेले हे बरेच झाले का?

सुब्बाराव यांचे उदाहरण देऊन स्थलांतराचे समर्थन करणाऱ्यांचा युक्तिवाद असा असतो की शेवटी त्यांची औषधे भारतातही आली. आली, हे खरे. ती कोणत्या किमतीला आली, हे कमी सांगितले जाते. अमेरिकी सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या उपसमितीने औषधांच्या किमतींची चौकशी केली. १९६१ च्या अहवालात तिने नोंदवले की ऑरिओमायसिन आणि ॲक्रोमायसिन या प्रतिजैविकांच्या भारतातील किमती जगात सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. दोन्ही औषधे लेडर्लीची. ब्रिटिश काळातला पेटंट कायदा तेव्हा भारतात चालू होता आणि औषधाच्या रसायनावरच पेटंट मिळत असल्याने दुसऱ्या कोणाला ते बनवून स्वस्त विकता येत नव्हते. म्हणजे मद्रासने ज्याला नोकरी दिली नाही, त्याच्या प्रयोगशाळेतून निघालेले औषध मद्रासच्या रुग्णाला बोस्टनच्या रुग्णापेक्षाही महाग पडू शकत होते. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या समितीने १९५९ मध्ये या कायद्यात बदल सुचवले. १९७० चा नवा कायदा १९७२ मध्ये अमलात आला, औषधाच्या रसायनावरचे पेटंट बंद झाले आणि मगच भारतीय कंपन्यांना ही औषधे मोठ्या प्रमाणावर स्वस्तात बनवता आली. बाहेर गेलेल्या बुद्धीचे फळ देशाला मिळाले, पण ते आपोआप परत आले नाही. त्यासाठी संसदेत कायदा करावा लागला.

दुसरी गोष्ट संख्येची. सुब्बाराव गेले तेव्हा जाणारे मोजके होते. १९६५ मध्ये अमेरिकेने वंशाधारित कोटा काढला आणि त्याच वर्षी वृद्ध व गरिबांसाठी सरकारी आरोग्यविमा सुरू केल्याने तिथे डॉक्टरांची मागणी वाढली. ब्रिटनमध्ये १९४८ पासून सार्वजनिक आरोग्यसेवा होती. तिथल्या स्थानिक डॉक्टरांना नको असलेल्या जागा, म्हणजे खाणींच्या गावांतले दवाखाने आणि वृद्धांचे व मनोरुग्णांचे विभाग, भारतीय उपखंडातून आलेल्यांनी भरून काढल्या. १९७५ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेने भारतीय पदव्यांची थेट मान्यता काढून घेतली. तरी ओघ थांबला नाही, परीक्षा वाढल्या एवढेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय भरतीसाठी आचारसंहिता केली. तुटवडा असलेल्या गरीब देशांतून मोहीम काढून डॉक्टर नेऊ नयेत, असे ती सांगते. ती ऐच्छिक आहे.

हे हजारो डॉक्टर सुब्बाराव नव्हते, आणि त्यांनी तसे असावे अशी अपेक्षा करणेही चूक. बहुतेक जण तिथे रुग्ण तपासतात, जे त्यांनी इथेही तपासले असते. एका असामान्य संशोधकाच्या नावाने या सगळ्यांच्या जाण्याचा हिशेब जुळवता येत नाही. उलट त्यांना नुसते स्वार्थी म्हणूनही भागत नाही. तालुक्याच्या रुग्णालयात भूलतज्ज्ञ नसेल, औषधे संपलेली असतील, राहायला क्वार्टर गळके असेल आणि बढती ओळखीवर ठरत असेल तर बंधपत्राच्या एका वर्षानंतर डॉक्टर काय ठरवेल, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. खादीचे निमित्त आज उरलेले नाही; निमित्ते उरली आहेत.

भारत सरकारने सुब्बाराव यांच्या जन्मशताब्दीला, १९९५ मध्ये, टपाल तिकीट काढले. त्यांच्या नावाने एका बुरशीच्या प्रजातीला सुब्बारोमायसिस असे नाव देण्यात आले आहे. नोबेल त्यांना मिळाले नाही. आणि नागपूर, गडचिरोलीसह विदर्भाच्या हत्तीरोगग्रस्त भागांत आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरून लोकांना समोर उभे राहून जी गोळी खायला लावतात, ती डीईसीची असते. वय पाहून एक, दोन की तीन, हे ठरते. गोळी सरकार फुकट देते. बऱ्याच घरांत लोक ती नंतर घेतो म्हणून खिशात टाकतात, म्हणून कर्मचाऱ्याला पाण्याचा पेला हातात धरून थांबावे लागते.